इमरी साहेबाची अकरा झाडं

गिरजाबाई सिडाम चंद्रपूरच्या सरकारी अभिलेख कक्षात एकतीस वर्षं दप्तरी होत्या. दप्तरी म्हणजे लाल कापडाचे बस्ते सोडणारं आणि पुन्हा बांधणारं माणूस. मधल्या वेळात आतलं वाचायचं काम साहेब लोकांचं. ते हे काम क्वचितच करत, त्यामुळे कुठलं गाव, कितवा बंदोबस्त म्हणजे साऱ्यासाठीची कितवी जमीनमोजणी, कोणता बस्ता, हे सगळं बाईंच्याच डोक्यात साठत गेलं. कुणी नक्कल मागायला आला की बाबू रजिस्टर उघडायचा आणि बाई सरळ रॅककडे चालू लागायच्या. बाबूचं बोट पानाच्या तळाशी पोचेपर्यंत बस्ता टेबलावर आलेला असे. इतकं असून त्यांनी नोकरीभर स्वतःच्या गावाचा बस्ता आपल्यासाठी कधी सोडला नाही. दुसऱ्या कुणासाठी सोडावा लागला तर सोडायच्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहायच्या.

गाव केळझरी, पोंभुर्ण्याच्या अलीकडे. पुढे धानाचे बांध, मागे जंगल. बाईंचे डोळे राखाडी आहेत. त्यांच्या वडिलांचे तसेच होते, आणि आजोबांचे, म्हणजे इसरूचे, तर इतके फिके की गुरं बुजायची असं गावात सांगत. गुरं बुजत असतील-नसतील, माणसं मात्र बोलायची. इसरूचा बाप कोण हे केळझरीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि सिडामांच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. रेल्वेला सागाचे स्लीपर पुरवणारा इमरी नावाचा स्कॉटलंडचा एक ठेकेदार गावाबाहेर बंगला बांधून राहत होता आणि इसरूची आई सोमारी त्याच्याकडे होती, एवढीच ती गोष्ट. घरात कुणी हा विषय काढला की बाईंचे वडील हाताला लागेल ते फेकून मारत. ही गोष्ट खोटी आहे असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत.

बंगल्यापासून नाल्यापर्यंत मोहाची अकरा झाडं होती. ती मालगुजाराची, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराची. मालगुजारी कायद्याने जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण केळझरीत ती बातमी सावकाश पोचत होती. पहाटे पडलेला मोह वेचायचा आणि अर्धा मालकाच्या ओसरीवर नेऊन टाकायचा, असा रिवाज. १९६८च्या चैतात बाईंचा धाकटा भाऊ तापाने पडला आणि त्यांच्या आईने दोन दिवसांचा अर्धा पोचवलाच नाही. तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. आईला भरली टोपली डोक्यावर घेऊन अंगणात उभं केलं. मालक जेवले, मालक निजले, मालक उठले, तोवर ती उभी. शेजारी आठ वर्षांची गिरजा. शेवटी टोपली उतरवायला सांगायला मालकांचा मुलगा आला. गुणवंतराव. तेव्हा बाविशीचे, नागपूरला बी.ए. करत होते.

"जा आता," ते म्हणाले. "अन् झाडं काही तुह्या साहेबानं नाई लावले, ध्यानात ठेव."

शिकलेले असल्याने त्यांनी शिवी दिली नाही. पुढच्या आयुष्यात शिव्या देणारे बाईंना बरेच भेटले. त्यांतला एकही आता त्यांना आठवत नाही.

नंतर गुणवंतराव सोसायटीचे अध्यक्ष झाले, शाळेचे झाले, आणि वयोमानाप्रमाणे सगळ्याचे माजी झाले. गिरजाबाईंचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, त्याच्या जागी नोकरी लागली. २०२० साली निवृत्त होऊन त्या चंद्रपुरातच तुकूममध्ये दोन खोल्यांत राहू लागल्या. प्रकरण एवढ्यावर विझलं असतं. ते फुंकून पेटवलं गुणवंतरावांच्या नातवाने.

पियुष पुण्याहून हॉटेलचा अभ्यासक्रम करून आला होता. वाघ बघायला येणारी माणसं कुठेतरी मुक्कामही करतात, ही गोष्ट त्याच्या लक्षात आली आणि त्याने पडक्या बंगल्याला रंग लावून त्याचं 'इमरीज बंगलो' नावाचं रिसॉर्ट करायला घेतलं. दारातल्या फलकावर इंग्रजीत लिहून घेतलं की, इमरी साहेबाने हा बंगला आणि भोवतालची झाडं आपले जिवलग मित्र यादवराव मालगुजार यांना प्रेमाने भेट दिली. यादवराव म्हणजे गुणवंतरावांचे आजोबा. गेल्या वर्षी पावसाळ्यात पियुष मिठाईचा डबा घेऊन बाईंच्या घरी आला.

"आजी, तुम्ही रेकॉर्ड रूममधी होत्या न? साहेबाचे कागद काढून द्या मले. जमिनीचे, वारसाचे, जे भेटन ते. फ्रेम करून लॉबीत लावतो. गेस्टले हिस्ट्री पायजे असते."

"पाह्यतो," बाई म्हणाल्या.

"अन् अजून एक होतं. रागावू नका." तो खुर्चीत पुढे सरकला. "तुमचे डोळे लई भारी हायेत. संध्याकाळी गेटपाशी बसान का, मोहाची टोपली घेऊन? गेस्टले सांगायचं, मी साहेबाची पणती. लुगडं आम्ही देऊ."

"टोपली डोक्यावर घ्या लागन का खाली ठेवली त चालन?"

पियुषने यावर प्रामाणिकपणे विचार केला.

"डोक्यावर फोटो चांगला येईन," तो म्हणाला.

बाईंनी डबा ठेवून घेतला, चहा दिला आणि उद्या नक्कलेचे कोरे अर्ज घेऊन येते, सही लागेल, असं सांगितलं. परक्याच्या मृत्युपत्राची नक्कल मागायची तर आपला संबंध दाखवावा लागतो. सोमारीची पणती म्हणून बाईंकडे दाखवायला डोळ्यांपलीकडे काही नव्हतं. पण जुन्या सूचीत 'इमरी, मृत १९११, मृत्युपत्र, व्यवस्थापक यादवराव मालगुजार' अशी एक ओळ आहे हे त्यांना वीस वर्षांपासून माहीत होतं. व्यवस्थापक म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करून देणारा; त्याचा खापरपणतू अर्जदार असला की कुणाची हरकत नव्हती. पियुषने मोटारीच्या टपावर ठेवून पाच अर्जांवर सह्या केल्या. दुसऱ्या हाताने तो फोनवर टाइल्सचा रंग ठरवत होता.

अभिलेख कक्षात आता मिथुन दप्तरी आहे. बस्त्याची गाठ मारायला त्याला बाईंनीच शिकवलं.

"बाई, तुम्ही काऊन लाइनीत? आत या न."

"निवृत्त माणसाले लाइन असते. तू आपलं काम कर. केळझरी, जुना बंदोबस्त, खालच्या रॅकवर उजवीकडून चौथा."

"मले माहीत हाये."

"मंग बोलत काऊन बसला?"

पहिला कागद जमिनीचा निघाला. १९०७च्या बंदोबस्तात केळझरीच्या शिवारातल्या झाडांची वेगळी नोंद होती. या भागात जमीन एकाची आणि तिच्यावरचा मोह दुसऱ्याचा, ही गोष्ट नवी नाही. तिथे अकरा झाडांपुढे मालक म्हणून इमरीचं नाव होतं आणि 'यादवरावाकडून खरेदी' असा शेरा. म्हणजे गुणवंतराव १९६८ साली बोलले ते खरं होतं. साहेबाने झाडं लावली नव्हती, विकत घेतली होती.

मृत्युपत्र मिळायला सात महिने लागले. ते इंग्रजीत, बाकदार अक्षरांत होतं, म्हणून बाई ते माझ्याकडे घेऊन आल्या. मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर. वाचत गेलो, त्या ऐकत गेल्या. डेव्हिड इमरी, राहणार मूळ डंडीजवळ, मृत्यू तापाने, मृत्युपत्र मरणाच्या नऊ दिवस आधीचं. घड्याळ आणि बंदूक स्कॉटलंडच्या भावाला. बंगला व्यवस्थापक यादवराव यांना, त्यांच्या श्रमाबद्दल. आणि 'माझ्याकडे राहणारी सोमारी, वय अंदाजे बावीस, व तिचा मुलगा' यांना मोहाची अकरा झाडं, फुलाफळांसह, पिढ्यानपिढ्या.

"कसं लिवलं? माझ्याकडे राहणारी?"

"हो."

"बंगल्याची जागा तिच्या बापाच्या वहितीची होती. तोच तिच्याकडे राह्यत होता," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अन् जित्तेपणी झाडं नावानं करून देता येत होते न? नऊ दिवस राह्यले तवा आठवलं त्याले."

पणजोबा सापडल्यावर माणसं हळवी होतात असं मी वाचलं होतं. बाईंनी पान उलटायची खूण केली.

पुढचं पान यादवरावांच्या १९१२च्या प्रतिज्ञापत्राचं. सदर सोमारी व तिचा दोन वर्षांचा मुलगा इसरू हे दोघेही गेल्या भाद्रपदात पटकीच्या साथीत मरण पावले असून त्यांना अन्य वारस नाही, असं त्यांनी न्यायालयात शपथेवर लिहून दिलं होतं. त्यामुळे झाडं स्कॉटलंडच्या भावाकडे जाणार होती. भावाने कळवलं की मोह म्हणजे काय हे मला ठाऊक नाही आणि जाणून घेण्याची इच्छाही नाही, विकून टाका. मग व्यवस्थापक यादवरावांनी ती झाडं यादवराव मालगुजारांना विकली. विकणारा आणि घेणारा एकच असल्याने घासाघीस झाली नाही.

इसरू वारला १९७४ साली. बाई तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. त्याच्या तोंडात शेवटचं पाणी त्यांनीच घातलं होतं.

"म्हणजे मी दोन वर्षाच्या मेलेल्या पोराची नात," त्या म्हणाल्या.

"कागदाप्रमाणे तसंच."

"मंग माही पेन्शन कोणाले भेटून राह्यली?"

यानंतर त्या हसल्या नाहीत. पाणी प्यायल्या, आणि मला म्हणाल्या की यादवरावाने एक काम कच्चं ठेवलं असणार. न्यायालयातला कागद तयार करताना त्याला वकील होता. गावातला कागद तयार करताना कोतवाल होता.

कोतवालाचं बुक म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची वही. कोतवाल दर आठवड्याला ती ठाण्यात नेऊन दाखवायचा. त्याला बहुधा लिहिता येत नसे. लिहिणारा मुनशी वेगळा, सांगणारा कोतवाल वेगळा. नेण्याआधी प्रत्येक पानाखाली गावाच्या मुखत्याराची, म्हणजे मालगुजाराची, सही लागे. मालगुजार ओसरीवर पान चघळत बसलेला असे, कोतवाल वही पुढे करी, तो मोडीत नाव खरडी. कोण जन्मलं आणि कोण मेलं हे त्या माणसाने वाचायचं असतं, अशी कल्पनाही कुणाला शिवत नसे. केळझरीच्या बुकात १९११च्या भाद्रपदात पटकीचे नऊ मृत्यू होते. त्यांत सोमारी नव्हती, इसरू नव्हता. १९१३ला देवीची लस टोचलेल्या पोरांत इसरू होता, 'आई सोमारी'. १९१४च्या पौषात सोमारीला मुलगी झाली होती, बाप पत्रू सिडाम. ज्याने तिला पुढे घरात घेतलं आणि इसरूला आपलं आडनाव दिलं तो. आणि सोमारी खरोखर मेली १९४८ साली. १९११चं पान धरा, लसीचं धरा की १९१४चं, खाली सही एकाचीच. तिला पोरासकट मारून दोन वर्षं उलटल्यावर यादवरावांनी तिच्या बाळंतपणाची नोंद साक्षांकित केली होती.

बाईंनी ती तीन पानं दोनदा वाचून घेतली. मग नकला छातीशी धरून बसल्या. त्यांना झाडं नको होती. अकरांतली सात उरली होती आणि बाईंना गुडघ्यांमुळे वाकताही येत नाही. त्यांना गुणवंतरावांना उभं राहिलेलं बघायचं होतं. हे त्यांनी मला अगदी साध्या आवाजात सांगितलं, भाजी कुठली आणायची ते सांगावं तसं.

सगळ्या नकलांचा एक संच त्यांनी कबूल केल्याप्रमाणे पियुषला दिला. जुनी अक्षरं, शिक्के, स्टॅम्प बघून तो खूश झाला. त्याने मृत्युपत्र, प्रतिज्ञापत्र आणि कोतवाल बुकाची पानं सोनेरी चौकटींत घालून लॉबीत ओळीने टांगली, वर छोटे दिवे लावले. वाचलं नाही. घराण्याची सवय. त्याच आठवड्यात त्याने पोहण्याच्या तलावासाठी सातपैकी चार मोह तोडायचा अर्ज केला, आणि तिसऱ्या दिवशी त्या अर्जावर गिरजाबाईंची हरकत दाखल झाली: झाडं अर्जदाराची नाहीत, पुरावा अर्जदाराच्याच लॉबीत आहे.

गुणवंतराव लॉबी बघायला गेले आणि चौकटी वाचायला लागले. तिसरी वाचून झाल्यावर वेताच्या खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी तुकूमला बाईंच्या दारात त्यांची गाडी उभी राहिली.

"गिरजे, हे चांगलं नाई केलं तू."

"बसा, भाऊ."

आजवर त्या 'मालक' म्हणत आल्या होत्या. गुणवंतरावांनी फरक टिपला आणि बसले.

"माह्या आजानं काय केलं ते मले माहीत नव्हतं."

"मलेबी नव्हतं. तुमच्या पियुषनं काढायले लावलं."

"तीन झाडं तुह्या नावानं करून देतो. चार तोडू दे. ऑक्टोबरात पाहुणे येऊन राह्यले, पोराचं काम अडकलं हाये."

"पंधरा ऑगस्टची ग्रामसभा कोरम नव्हता म्हणून तहकूब झाली न? सव्वीसले हाये. तिथी हे कागद वाचून दाखवा."

"मी?"

"तुम्ही इंग्रजी शिकले हायेत. लोकाले मराठीत सांगा."

"अन् मंग?"

"मंग लोकाले समजन."

गुणवंतराव हो म्हणाले. वाचून दाखवलं की हरकत मागे, असा त्यांनी अर्थ घेतला. बाई तसं काही बोलल्या नव्हत्या.

सव्वीसला शाळेच्या व्हरांड्यात शंभरावर माणूस जमलं. केळझरीच्या ग्रामसभेला इतका कोरम आधी कधी झाला नव्हता. ग्रामसेविका नूतन मॅडमनी कार्यवृत्ताची वही उघडली. गुणवंतरावांनी खुर्चीत बसूनच चष्मा लावला.

"उभं राहून वाचा, भाऊ," गिरजाबाई म्हणाल्या. "मागच्याले ऐकू येत नाई."

मागच्यांनी ऐकू येत नाही असं लगेच सांगितलं. गुणवंतराव उभे राहिले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, एका हातात काठी, दुसऱ्या हातात आजोबांचं प्रतिज्ञापत्र. आवाज मात्र सरळ ठेवला, ते मान्य करायला हवं. पटकीत मेलेल्यांची नऊ नावं आली तेव्हा एकेका नावाला कुणीतरी 'आमचा' म्हणत होतं. सोमारी आणि इसरू मेल्याचं वाचलं तसा एका म्हाताऱ्याने गिरजाबाईंकडे बोट केलं.

"मंग हे कोन होय?"

व्हरांडा हसला. एक बाई म्हणाली, "नशीब, आमची म्हैस नाई मारली कागदावर." अजून हसले.

"आमच्या आजानं कोणाचा जीव नाई घेतला," गुणवंतराव म्हणाले. "कागदात चूक झाली."

"चूक कोतवालाच्या बुकात झाली, भाऊ," गिरजाबाई म्हणाल्या. "तिथी खरं राहून गेलं. वाचा पुढं."

त्यांनी वाचलं. लस, बाळंतपण, सही. खाली सही कुणाची, असं नूतन मॅडमनी वृत्तांतासाठी विचारलं तेव्हा त्यांना ते नाव दोनदा घ्यावं लागलं, कारण पहिल्यांदा मॅडमना नीट ऐकू आलं नाही. मॅडम पहिल्या ओळीत बसल्या होत्या. सगळं मिळून पाऊण तास लागला. वहीवर सही करून गुणवंतराव खुर्चीत टेकले.

"झालं समाधान? घे आता हरकत मागं."

बाईंनी पिशवीतून एक कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"हे तुमचं. वीस तारखेले तहसीलमधी पेशी हाये. झाडाची मालकी. तुम्ही गैरअर्जदार नंबर एक, पियुष नंबर दोन."

"तू त म्हणली होती..."

"मी म्हणली होती लोकाले समजन. समजलं."

"गिरजाबाई, मी एकोणऐंशीचा हाओ."

"मालूम हाये. नाव पुकारलं का उभं राहा लागते फक्त. खुर्ची नंतर देतात."

आतापर्यंत तीन पेश्या, म्हणजे सुनावण्या, झाल्या. पहिल्या पेशीनंतर गुणवंतरावांच्या वकिलाने तीनऐवजी पाच झाडांचा प्रस्ताव आणला, दुसरीनंतर सातही झाडं आणि फलकावरचा मजकूर बदलून देण्याचा. बाईंनी दोन्ही नाकारले. सगळी झाडं मिळत होती, मग का, असं मी विचारलं.

"झाडं भेटले त पेशी बंद होते," त्या म्हणाल्या.

असा दावा अपिलं धरून किती चालतो, याचा त्यांच्याइतका अंदाज जिल्ह्यात कुणाला नसेल. ते सगळे बस्ते त्यांनी हाताने बांधले आहेत. सरासरी अकरा वर्षं. त्यांनी साखर सोडली आहे आणि रोज सकाळी तुकूमच्या रस्त्याने दोन किलोमीटर चालतात. गुणवंतरावांच्या तब्येतीचीही तितकीच काळजी घेतात. केळझरीचं कुणी भेटलं की आधी तेच विचारतात: जेवतात का, झोप लागते का, डोळ्याचं ऑपरेशन केलं का.

दिवाळीनंतर गुणवंतरावांना छातीत कफ झाला आणि चंद्रपूरला दवाखान्यात ठेवलं. बाई दोन शहाळी घेऊन भेटायला गेल्या. खाटेशेजारी स्टुलावर बसल्या, नाकातली नळी सरळ आहे ना ते पाहिलं, नर्सला दोन प्रश्न विचारले. पियुष दारात उभा होता. त्याला वाटलं, म्हातारी निवळली.

"औषध वेळेवर घ्या, भाऊ," गिरजाबाई म्हणाल्या. "आठ तारखेले पुढची पेशी हाये."